टॉवेलखालचं क्रेडिट कार्ड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या आबामामांचे. माझं क्रेडिट कार्डसुद्धा त्यांनीच पसंत केलं. बैल पसंत करतात तसं.

आबामामा लासूर स्टेशनच्या गुरांच्या बाजारात दलाली करतात. घेणारा आणि विकणारा यांच्या मधे ते उभे राहतात, खांद्यावरचा टॉवेल काढतात, समोरच्याच्या हातावर टाकतात आणि टॉवेलखाली त्याची बोटं धरून भाव ठरवतात. किती बोटं धरली म्हणजे किती, मूठ दाबली म्हणजे काय, हे त्या दोन हातांनाच ठाऊक. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी आकडा कुणाला कळत नाही. सौदा झाल्यावरही मामा तो आकडा तोंडानं कधी उच्चारत नाहीत. मामींनासुद्धा सांगत नाहीत. (मामींना तो कळतो, ती गोष्ट वेगळी.)

माझे वडील लवकर गेले आणि मी मामांकडं वाढलो. मामांच्या बंडीला आतून एक जादा खिसा होता, मामींनी शिवलेला. त्याचं नाव 'भाच्याचा खिसा'. दर बाजाराला दलालीतलं काही ना काही त्यात पडायचं, आणि त्यातून माझी शाळा, पुढं शहरातलं कॉलेज, वसतिगृह, परीक्षेची फी असं सगळं निघालं. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी मिळवलेला मी पहिला माणूस! निकालाच्या दिवशी मामांनी माझी गुणपत्रिका हातात घेतली, उलटी केली आणि मागची कोरी बाजू बराच वेळ निरखली. जनावर आधी मागून बघायचं, हा त्यांचा नियम.

"मागून बी साफ हाय," मामा म्हणाले. "चांगलं झालं."

त्यामुळं मामांनी पारखल्याशिवाय आमच्याकडं काही येत नाही. माझी पहिली सायकल त्यांनी मागचं चाक उचलून पसंत केली. गारखेड्यातला आमचा भाड्याचा फ्लॅट त्यांनी भिंतींवर थापा मारून पसंत केला. आणि वैजापूरच्या ज्योतीला माझ्यासाठी पसंत करताना त्यांनी तिचे दात बघितले, असा ज्योतीचा आजही आरोप आहे. (मामा म्हणतात, ती हसली म्हणून दिसले.)

आता विमानाचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं.

मी एकदा बाजारात मामांच्या शेजारी उभा होतो. टॉवेलखाली सौदा रंगात आला होता आणि नेमकं त्याच वेळी वरून एक विमान गेलं. मामांची मान वर गेली ती वरच राहिली. हातातली बोटं सैल पडली, गिऱ्हाईक निसटलं, तरी मामा आभाळाकडंच बघत होते. मामांच्या हातून सौदा सुटलेला मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला.

"वरून आपला बाजार केवढा दिसत असंल रं?" ते म्हणाले.

माझा ऊर भरून आला. मी म्हणालो, "मामा, या दिवाळीला तुम्हाला अन् मामींना विमानात बसवतो."

मामा नुसतं "बरं" म्हणाले. पण भाकरी घेऊन आलेल्या मामी तिथंच उभ्या होत्या. दिवस मावळायच्या आत लासूरभर झालं, आबा विमानात बसणार! दुसऱ्या बाजारापासून लोक मामांना "काय विमानवाले, कधी उडायचं?" असं विचारू लागले. मामांचा सगळा धंदा शब्दावर चालतो. तिथं लिहिलेलं काही नसतं, सही नसते, फक्त 'आबा बोलला' एवढंच असतं. आणि भाच्यानं दिलेला शब्द म्हणजे मामांनीच दिलेला. तो मोडला असता तर मामा ज्या टॉवेलावर जगतात, त्या टॉवेलाची किंमत उरली नसती.

मी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये नोकरी करतो. दोन माणसांचं जाण्या-येण्याचं विमानाचं तिकीट किती असतं, ते मी शब्द देऊन झाल्यावर बघितलं. (पदवीधर माणसानं आधी बघायला हवं होतं.) चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आणि पाचव्या दिवशी कंपनीच्या कँटीनबाहेर एक टेबल लागलं, त्यावर निळं कापड, त्यामागं टाय घातलेला एक मुलगा, आणि वर फलक: 'क्रेडिट कार्ड घ्या, विमानाची दोन तिकिटं मिळवा!'

मी त्या फलकापुढं हात जोडायचा तेवढा राहिलो.

पण नुसत्या फलकावर भुलायला मी काही अडाणी नव्हतो. मी तुलना करायचं ठरवलं. मिळतील तितक्या बँकांची माहितीपत्रकं गोळा केली आणि वाचू लागलो. काय ते जग! एक कार्ड म्हणे दर खरेदीवर पैसे परत देणार. (मग ते घेतात कशाला?) दुसरं पेट्रोलवर सूट देणार. तिसरं पॉइंट देणार, आणि त्या पॉइंटची किंमत विमानाला वेगळी, मिक्सरला वेगळी. चौथं विमानतळावर सोफ्यावर बसवून जेवायला घालणार, तेही फुकट! मी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी जोडून हॉलच्या भिंतीवर भला मोठा तक्ता केला. वार्षिक फी, व्याज, पॉइंट, सवलती, अटी. अटींचा रकाना भिंतीवर मावेना म्हणून तो दारावर घेतला.

ज्योती म्हणाली, "अहो, दार उघडलं की अटी दिसत नाहीत."

"बँकेचंही तसंच आहे," मी म्हणालो.

व्याजाच्या रकान्यापाशी मात्र मी थबकलो. महिन्याला साडेतीन टक्के! आमच्याकडच्या भाषेत साडेतीन रुपये शेकडा. असा भाव सांगणारा माणूस आमच्या गावात मागच्या दारानं, अंधार पडल्यावर यायचा. इथं मात्र त्या आकड्याशेजारी समुद्रकिनाऱ्यावर एक बाई खुशीत हसत होती! मला तिचं फार कौतुक वाटलं. बारीक अक्षरांत पुढं असं होतं की दर महिन्याचं बिल मुदतीत पूर्ण भरलं तर व्याज नाहीच. म्हणजे माणूस नीट वागला तर कार्ड गाय, नाही तर वाघ. एकाच गोठ्यात दोन्ही! मी थक्क झालो.

शेवटी तीन कार्डं उरली. तिन्ही विमानाची तिकिटं देणारी, तिन्हींची फी वेगळी. रात्रंदिवस तक्त्यापुढं उभं राहून माझी मान धरली, पण निवड होईना.

ज्योती म्हणाली, "एवढं अडलंय तर मामांना बोलवा की."

आणि मी बोलावलं! तिन्ही बँकांच्या माणसांना शनिवारी दुपारी एकाच वेळी घरी बोलावलं आणि मामा-मामींना सकाळच्या गाडीनं. मामा आले, त्यांनी भिंतीवरचा तक्ता पाहिला, एक पान उचलून त्याची मागची बाजू पाहिली (तिथं गणपतीचं चित्र होतं), नमस्कार केला आणि म्हणाले, "जनावर कुठंय?"

"कार्ड अजून आलेलं नाही मामा. आधी माणसं येणार."

"मग माणसंच बघू."

पहिला आला तो टायवाला मुलगा, करण. त्यानं पाच मिनिटं न थांबता माहिती सांगितली. मामांनी ती सगळी शांतपणे ऐकली आणि ते म्हणाले, "व्याज कमी कर."

"आजोबा, ते माझ्या हातात नाही. ते सिस्टीममध्ये असतं."

"मग त्याला बोलव. मालकाशीच बोलू."

करण हसला. मामांनी टॉवेल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली. करणनं विंचू चावल्यासारखा हात मागं घेतला. मग जरा ओशाळून म्हणाला, "भविष्य बघता का आजोबा? बघा ना, प्रमोशनचं काही दिसतं का?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत 'हे वासरू कुठून आणलंस' असा भाव होता.

दुसरी आली ती पूजा. आता परक्या मुलीचा हात टॉवेलखाली कसा धरायचा? मामांनी मामींना खूण केली. मामी पुढं सरकल्या, पूजाचा हात टॉवेलखाली घेतला आणि मामा मागून सांगू लागले, "दोन बोटं धर. सोड. अंगठा दाब." मामींनी काय धरलं, काय सोडलं देव जाणे, पण थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "किती गं गार हात तुझा! जेवलीस का सकाळी?" पूजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सकाळपासून उन्हात फिरत होती. मामींनी तिला थालीपीठ खाऊ घातलं, ती दोन घास खाऊन पाया पडली आणि फॉर्म न भरताच गेली.

तिसरा आला अझहर. तरतरीत पोरगा, शहागंजकडचा. त्यानं आत येताच मामांचा टॉवेल पाहिला, आणि हसला.

"चाचा, बाजार में काम करते क्या? मेरे नाना भी येच काम करते थे. छावनी के बाजार में."

मामा सरसावून बसले. "कोणकोणतं जनावर?"

"सब कुछ. बैल, बकरे, सब."

त्यांचं असं काहीबाही चाललं होतं. माझं लक्ष नव्हतं, मी तक्त्यातल्या फीच्या रकान्यावर बोट ठेवून उभा होतो, कारण अझहरच्या कार्डाचं सगळं उत्तम होतं, फक्त फी जबर होती. मी म्हणालो, "अझहरभाई, ही फी फार आहे हो. काही कमी होईल का?"

"थांब," मामा म्हणाले. "मी बघतो."

आणि टॉवेल पडला.

मी आयुष्यात मोठमोठी माणसं पाहिली आहेत. आमच्या कंपनीचे मालक पाहिलेत, पदवीदान समारंभात कुलगुरू लांबून पाहिलेत. पण त्या दुपारी गारखेड्यातल्या आमच्या हॉलमधे जे पाहिलं, तसं काही पाहिलं नाही. टॉवेलखाली दोन हात. वर दोन चेहरे. मामांची भुवई किंचित वर गेली. अझहरनं मान हलवली, "नक्को चाचा." मामा त्याच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. अझहरचे डोळे मोठे झाले. टॉवेल हलला. थांबला. पुन्हा हलला. ज्योती चहाचा ट्रे घेऊन दारातच खिळली. मी श्वास धरून बघत होतो. माझ्या डोळ्यांपुढं एका बलाढ्य बँकेची फी बोटाबोटानं खाली येत होती! अझहरनं एकदा हात ओढायचा प्रयत्न केला, मामांनी सोडला नाही. अझहर घामाघूम झाला. मग एकदम खळाळून हसला, "चाचा, आप के आगे कौन टिकेंगा?"

मामांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "ठरलं."

"काय ठरलं मामा?" मी विचारलं.

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलो आहे. "बोटांचं तोंडानं सांगत नसतात. कार्ड घे ह्याचं. पोरगा चांगला हाय."

मी अझहरकडं पाहिलं. तो म्हणाला, "भाईजान, चाचा ने बोल दिया ना? बस."

मी डोळे मिटून सही केली.

कार्ड आलं. ज्योतीनं त्याला हळदीकुंकू लावलं, ते कुंकू नंतर आठवडाभर दुकानदारांच्या मशीनला लागत होतं. तिकिटं मिळायला एक अट होती: तीन महिन्यांत ठरावीक रकमेची खरेदी. माझ्या किराण्यानं ती जन्मात झाली नसती. मग मामींनी नातेवाइकांत निरोप धाडला की कुणाला काही घ्यायचं असेल तर रोख पैसे दत्ताला (म्हणजे मला) द्या, तो कार्ड ओढील, आबा उडतील. आणि आमचे नातेवाईक काय सांगू! मावसभावाच्या लग्नाच्या साड्या मी ओढल्या. शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन ओढलं. वैजापूरला सासऱ्यांनी फ्रीज बघून ठेवला आणि मला फोन केला, "जावईबापू, या, ओढून जा." मी सुट्टी टाकून गेलो, ओढलं, जेवलो, आलो. ट्रॅक्टरचं टायर ओढलं. एका चुलत आजोबांनी दातांची कवळी बसवली, तिथंही मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर कार्ड घेऊन उभा! जमलेली रोकड ज्योती डब्यात ठेवायची आणि बिल आलं की मी ते मुदतीच्या आत भरायचो. इमानदारीनं. फक्त त्यातली फी सोडून.

कारण फी तर मामांनी माफ करून घेतली होती!

बँकेचे मेसेज यायचे: 'आपली फी बाकी आहे.' मी तो मेसेज वाचून प्रेमानं हसायचो. बिचारं मशीन! त्याला मामांची बोटं काय ठाऊक? पुढच्या महिन्यात फीवर विलंबाचा दंड लागला, दंडावर व्याज, व्याजावर कर. एवढीशी ती फी, पण दोन महिन्यांत अशी बाळसं धरून बसली की बघत राहावं.

ज्योती म्हणाली, "अहो, एकदा मामांना विचारा तरी."

"बोटांचं तोंडानं विचारत नसतात."

"मग त्या बँकेला विचारा. तिला तरी तोंड असेल."

खरेदीची अट पूर्ण झाली त्या दिवशी मी ऐटीत बँकेला फोन लावला आणि तिकिटं मागितली. पलीकडं एक गोड आवाजाच्या बाई होत्या.

"सर, आपली फी बाकी आहे. ती भरल्याशिवाय तिकिटांचं कूपन निघत नाही."

"मॅडम, ती माफ झालेली आहे."

"सर, मला तसं दिसत नाहीये. कुणी माफ केली?"

"तुमच्याच माणसानं. आमच्या हॉलमधे."

"काही लेखी आहे का सर?"

"लेखी कसं असेल? टॉवेलखाली ठरलंय."

"...कशाखाली सर?"

"टॉवेल. अंग पुसायचा. म्हणजे त्या वेळी कोरडा होता."

"सर, मी आपला कॉल सीनियरना देते."

सीनियर हिंदीत बोलणारे निघाले. त्यांनी तक्रारीचा संदर्भ क्रमांक विचारला. मी म्हणालो, क्रमांक बोटांत होता, तो बाहेर सांगत नाहीत. त्यांनी फोन ठेवला की आपोआप कटला, हे मला अजून कळलेलं नाही.

आठवडा मी अझहरला शोधण्यात घालवला. त्याचा फोन बंद. तेवढ्यात बकरी ईद झाली आणि दुसऱ्या दिवशी स्वारी स्वतःच दारात हजर! नवा कुर्ता, डोळ्यांत सुरमा, हातात भला मोठा डबा, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"भाईजान, ईद मुबारक! चाचा के वास्ते भी डब्बा लाया. क्या बकरा दिलाया चाचा ने, क्या बकरा! पूरा मोहल्ला देखने आया."

"कोणता बकरा?" मी विचारलं.

"अरे, वो उस दिन तय हुआ ना. येच घर में. टॉवेल के नीचे."

ज्योतीच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं वाजलं. मी भिंतीला टेकलो. (तक्त्यालाच टेकलो, वार्षिक फीचा रकाना खांद्याखाली आला.)

"आणि... फी?"

"फी?" अझहर गोंधळला. "वो तो मैं ने पहले इशारे में इच बोल दिया चाचा को, फी मेरे हात में नै. चाचा समझ गए. फिर बकरे की बात निकली." मग माझं तोंड बघून तो घाबरला. "भाईजान, आप ने फी नै भरे क्या?"

म्हणजे त्या दुपारी मी श्वास रोखून, ज्योती ट्रे धरून, आम्ही जे डोळे भरून पाहिलं, त्यात बँक कुठंच नव्हती. बोकड होता!

मी त्याच दिवशी फी, दंड, व्याज सगळं भरलं. अझहरनं बिचाऱ्यानं वर चार ठिकाणी फोन केले, साहेबाला भेटला. पण तिकिटांच्या योजनेची मुदत संपली होती. तक्त्यात ती तारीख होती. दारावर, अटींच्या रकान्यात.

दुसऱ्या दिवशी मी लासूरला गेलो. मामांना सांगायलाच हवं होतं. बाजार भरला होता, मामा बाभळीखाली उभे होते आणि मला बघताच भोवतालचे लोक ओरडले, "आला, आला भाचा! आबा, तिकिटं आली!" एकानं मामांना विमानात घालायला काळा चष्मा आणून दिला होता. तो त्यांनी घातलाही होता.

एवढ्या माणसांत बोलू कसा? मी मामांच्या खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्यांच्या हातावर टाकला. खालून त्यांची बोटं धरली. मला त्यातलं ओ की ठो येत नाही, नुसती धरून राहिलो, आणि कानाशी वाकून सगळं सांगितलं.

मामांनी काळा चष्मा काढला.

"मला वाटलं तुला कळलं असंल," ते हळू आवाजात म्हणाले. "फी कमी नाय व्हत म्हणला त्यो. मग हात हातात हुताच. रिकामा कशापायी सोडायचा?"

"माझीच चूक मामा."

मामांनी चष्मा खिशात ठेवला. मग टॉवेलखाली माझी बोटं घट्ट दाबली. "तू ओढाताण करू नगंस. मी सांगतो समद्यांना, डॉक्टरनं मना केलंय, कानाला सोसत नाय म्हणून. तुझं नाव नाय येणार मधी."

ज्या माणसानं चाळीसेक वर्षं बाजारात एक खोटा शब्द काढला नाही, तो माझ्यासाठी कानाचं दुखणं काढायला निघाला होता! मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "मामा, दिवाळीला विमान. ठरलं."

"लई पडंल तुला."

"ठरलं म्हणलं ना."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग सावकाश टॉवेल उचलला, झटकला आणि मोठ्यानं म्हणाले, "ठरलं!"

"काय ठरलं आबा?" सगळा बाजार ओरडला.

"बोटांचं तोंडानं सांगत नसतात," मामा म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

तिकिटं काढल्यावर मी मामांना पत्र पाठवलं. त्यांच्याकडं फोन आहे, पण तो बाजारात सतत कुणाच्या तरी हातात असतो. पत्र आलं की मात्र मामा ते चहाच्या हॉटेलात नेतात आणि मालकाकडून सगळ्यांदेखत वाचून घेतात. म्हणून मला ते जरा बेतानं लिहावं लागलं:

तीर्थस्वरूप आबामामा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत तुमची आणि सौ. मामींची मुंबईची विमानाची तिकिटं पाठवत आहे. जाण्याचीही आणि येण्याचीही. तुम्हाला खिडकीची जागा घेतली आहे. विमान लासूरवरून जातं का हे बऱ्याच जणांना विचारलं, पण नक्की कुणी सांगेना. बाजार दिसला नाही तर जे दिसेल ते आपल्याच बाजाराचं समजावं. मामींनी अडकित्ता जवळच्या पिशवीत ठेवू नये, तो काढून घेतात. लाडू चालतात, मी चौकशी केली आहे. विमानतळावर मी सोडायला येईन. तुम्ही शब्द दिलात आणि तो पूर्ण झाला, याचा मला अभिमान वाटतो.

(वाचणाऱ्यानं इथं थांबावं. पुढचं घरगुती आहे, ते मामींनी घरी वाचावं.)

मामा, तिकिटं फुकट मिळालेली नाहीत. त्याच कार्डावर, हप्त्यांनी घेतली आहेत. हप्त्यांवर व्याज लागतं. व्याजावर पॉइंट मिळतात का, हे मी विचारून पाहिलं, मिळत नाहीत. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, त्यापुढं हा हप्ता म्हणजे काहीच नाही, आणि विमानात बसल्यावर तुमचं तोंड कसं दिसेल, हे डोळ्यांपुढं आणून मी आत्तापासूनच एकटा हसत असतो. अझहर विचारत होता, पुढच्या ईदला असाच बोकड मिळेल का. त्याच्याशी बोलून घ्यावं.

तुमचा भाचा,
दत्ता

ता. क. : बाजारात तुम्ही सगळ्यांना सांगता की माझा भाचा हिशोबाचं शिकलाय. यापुढं कुणी विचारलं तर कृपा करून भूगोल शिकलाय असं सांगावं. तुमच्या तोंडून खोटं जायला नको, म्हणून मी कालच भूगोलाचं पुस्तक आणून वाचायला घेतलं आहे. कार्डावरच आणलं.